देवळाली संख्या आणि बहात्तर लाख अंकांची मूळ संख्या: हे तपासलं तरी कसं?

लॅमरोडकर (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पला माझं औषधांचं दुकान आहे. गणिताशी संबंध म्हणाल तर एमआरपीवर दहा टक्के सूट काढण्यापुरता. तरी हा धागा काढतोय, कारण चार दिवस घरात जेवताना दुसरा विषय नाही.

मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने गणिती कापरेकरांवर तक्ता करायला घेतला. आपल्या देवळालीचेच, म्हणून मीही खूश. त्यांनी शोधलेल्या 'स्वयंभू' संख्यांना जगात देवळाली संख्या असंही म्हणतात, हे मला पन्नाशीत कळलं. गंमत साधी आहे. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक. ज्या संख्येला अशी जनक मिळतच नाही ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४ वगैरे.

इथवर ठीक होतं. पण पोरीने तक्त्यावर लिहिलंय की '२^२४०३६५८३ − १ ही ७२,३५,७३३ अंकांची मूळ संख्या आहे आणि ती देवळाली संख्याही आहे' (म्हणजे २ चा २४०३६५८३ वा घात, त्यातून १ वजा). सरांनी सांगितलं, 'हे कसं तपासलं ते सांगता आलं तरच लिही, नाहीतर खोड.' बरोबरच आहे त्यांचं. आता ती माझ्या मागे लागली आहे.

माझी शंका अशी. जनक नाही म्हणायचं तर त्याआधीच्या प्रत्येक संख्येत तिचे अंक मिळवून पाहावे लागतील ना? बहात्तर लाख अंकी संख्येच्या आधी किती संख्या असतील! ब्रह्मदेवाचं आयुष्य पुरायचं नाही. मग कुणी सांगितलं हिला जनक नाही म्हणून?

---

पेठरोडची_पोर

रुमाल टाकून ठेवते. कुकर लावून येते.

---

गोदाकाठ

कापरेकर म्हणजे ६१७४ ना? चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा.
३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि तिथेच अडकतं. फार तर सात पायऱ्या. आमच्या ऑफिसात यावर चहाच्या पैजा लागायच्या.

---

निवृत्त_मास्तर

गोदाकाठ, ते खरं, पण हा धागा त्याचा नाही. कापरेकर म्हटलं की सगळे ६१७४ वर येऊन थांबतात. नाशिकला आलेला पाहुणा मिसळ खाऊन परत जातो, पांडवलेणी बघतच नाही, तसंच.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनला असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. गणितातली पदव्युत्तर पदवी नव्हती, त्यामुळे मोठ्या लोकांनी बरीच वर्षं त्यांना हौशी म्हणून बाजूला ठेवलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. आमचे सासरे त्यांच्या वर्गात होते म्हणून सांगायचे, पण सासऱ्यांचे किस्से मी पारखून घेतलेले नाहीत, म्हणून इथे लिहीत नाही.

स्वयंभूचा उलटा प्रकारही त्यांनी पाहिला होता. १०१ ला दोन जनक आहेत. ९१ + १० = १०१ आणि १०० + १ = १०१. तीन जनक असलेली सगळ्यात लहान संख्या १,००,००,००,००,००,००१, म्हणजे एकावर तेरा शून्यं, अधिक एक. ती त्यांनी कागद-पेन्सिलीवर गाठली. कॅल्क्युलेटर न घेता तिन्ही जनक कुणी काढून दाखवतंय का?

---

हिशेबनीस

मास्तर, सोपं आहे.
१०००००००००००० ० मध्ये १ मिळवला, एक झाली. (मधली जागा चुकून पडली, शून्यं तेराच धरा.)
९९९९९९९९९९९०१ च्या अंकांची बेरीज १००.
९९९९९९९९९९८९२ च्या अंकांची बेरीज १०९.
तिन्ही एकाच ठिकाणी येतात. पेढे कधी?

मूळ धाग्याबद्दल: एक अंक ४ मिलिमीटर रुंद धरला, तर ही बहात्तर लाख अंकांची ओळ जवळपास २९ किलोमीटर होते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून लिहायला सुरुवात केली की त्र्यंबकेश्वरला पोचाल.

---

पेठरोडची_पोर

स्वयंभू संख्या बरोबर त्र्यंबकेश्वरलाच पोचली :-) कुकर झाला, आले.

---

द्राक्षवाला

सगळं वाचलं. एकच विचारतो, याचा उपयोग काय? बहात्तर लाख अंकी संख्या मूळ आहे हे कळल्याने माझ्या बागेतल्या मालाला किलोमागे रुपया वाढून मिळणार आहे का?

---

कोडवाला_इंदिरानगर

नाही मिळणार :) पण व्यापाऱ्याचे पैसे तुमच्या खात्यात सुरक्षित पोचतात त्यामागे मूळ संख्या आहेत. आरएसए नावाच्या गुप्तलेखनाच्या पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात. गुणाकार करणं सोपं, त्यावरून त्या दोघी शोधणं महाकठीण. सध्याच्या नेहमीच्या २०४८ बिटांच्या किल्लीत त्या दोघी साधारण तीनशे-तीनशे अंकी असतात. बहात्तर लाख अंकी तिथे कुणी वापरत नाही, कुलपापेक्षा किल्ली जड व्हायची. एवढ्या मोठ्या संख्या लोक शोधतात त्या हौसेने, आणि संगणकाची कसोटी पाहायला.

लॅमरोडकरांच्या संख्येची कुंडली देतो. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१ अशा. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २^६७ − १ मूळ आहे असा तर बराच काळ गैरसमज होता. १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी तिचे अवयव जाहीर केले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

आपली संख्या १५ मे २००४ रोजी जॉश फिंडली यांच्या घरच्या पेंटियम ४ वर सापडली, दोन आठवडे चालून. 'गिम्प्स' नावाचा प्रकल्प आहे, १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेला. जगभरचे लोक आपापला रिकामा संगणक त्याला देतात. क्रमाने ही एक्केचाळिसावी मर्सेन मूळ संख्या.

---

लॅमरोडकर

माहितीबद्दल धन्यवाद, पण मला आधी मूळ असण्याचंच कळलेलं नाही. एवढ्या मोठ्या संख्येला कशाकशाने भागून पाहिलं?

---

कोडवाला_इंदिरानगर

भागून पाहतच नाहीत. लुकास-लेमर कसोटी आहे, वहीत करता येते. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी वेळा हे करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर मूळ, नाहीतर नाही.

३१ साठी घातांक ५, म्हणजे तीन वेळा.
४ × ४ − २ = १४.
१४ × १४ − २ = १९४, ३१ ने भागून बाकी ८.
८ × ८ − २ = ६२, बाकी ०. झाली मूळ.

तिकडे हेच २ कोटी ४० लाख ३६ हजार ५८१ वेळा केलं, एवढाच फरक. १२७ मुलीकडून करून घ्या. पाच पायऱ्या आहेत, मध्ये ६७, ४२, १११ येतात.

---

शंकासुर

मी जरा काडी टाकतो. मूळ असणं हा संख्येचा स्वभाव आहे, कुठल्याही पद्धतीत लिहा, बदलत नाही. 'स्वयंभू' असणं हा आपल्याला दहा बोटं असल्याचा परिणाम. हीच संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहा, नुसते २४०३६५८३ एक ओळीने उभे दिसतील. अंकांची बेरीज वेगळी, जनकाचं गणितही वेगळं. मग 'देवळाली संख्या' हा गुणधर्म नक्की कशाचा, संख्येचा की तिच्या कपड्यांचा?

---

निवृत्त_मास्तर

कपड्यांचा. मान्य. पण कपड्यांचंही शास्त्र असतं हो, येवल्याच्या पैठणीवाल्याला विचारा.

---

शंकासुर

मास्तर, हे उत्तर मी फ्रेम करून लावतो.

---

प्रेसवाला_काका

मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो. आयुष्य क्रमांक बघण्यात गेलं. नोटेवर अक्षर-आकड्यांच्या पुढे सहा अंक असतात. मला पूर्वीपासून खोड, हातात आलेल्या नोटेचे सहा अंक मूळ आहेत का पाहायचं. सहा अंकी मूळ संख्या ६८,९०६ आहेत, म्हणजे साधारण तेरात एक. बायको म्हणते, 'तेरावी नोट येईपर्यंत भाजी संपते, आधी पैसे द्या.'

---

गोदाकाठ

काका :-D
माझ्या एमएच १५ स्कूटरचा नंबर ७९१९ होता. ही हजारावी मूळ संख्या आहे असं कुणीतरी सांगितल्यापासून स्कूटर विकवत नव्हती. शेवटी भंगारातच गेली. ती देवळाली आहे का हो?

---

कॉलेजरोडची_ऋचा (सोमवार, सकाळी ७:०५)

गोदाकाठदादा, नाही. ७८८८ + ७ + ८ + ८ + ८ = ७९१९. तुमच्या स्कूटरला जनक आहे.

हे मी कसं काढलं त्यातच लॅमरोडकरांचं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी एमएस्सीला आहे, चुकलं तर मास्तरांनी कान धरावा.

सगळ्या संख्या तपासायची गरजच नाही. ७९१९ ची जनक असेल तर ती ७९१९ पेक्षा तिच्याच अंकांच्या बेरजेइतकी लहान असणार. चार अंकांची बेरीज फार तर ३६. म्हणजे ७८८३ च्या खाली जायचंच नाही. हजारो संख्यांच्या जागी सदतीस उरल्या.

आता मोठी संख्या घ्या. अंक ७२,३५,७३३. सगळे ९ धरले तरी बेरीज ६,५१,२१,५९७. साडेसहा कोटी. म्हणजे जनक असलीच तर ती आपल्या संख्येच्या मागे साडेसहा कोटींच्या आत. विश्वाचा पसारा होता, तो साडेसहा कोटींवर आला. संगणकाला हे काहीच नाही, पण अजून कमी होतं.

साडेसहा कोटी हा आठ अंकी आकडा. बहात्तर लाख अंकांतून आठ अंकी संख्या वजा केली की शेवटचे आठ अंक बदलतात, हातचा लागला तर फार तर त्यांच्या डावीकडचे. बाकी सगळी गाडी जशीच्या तशी. म्हणजे जनकाचे डावीकडचे अंक आपल्याला आधीच माहीत आहेत!

---

गोदाकाठ

अरे वा. म्हणजे शेवटचे आठ अंक पाहिले की झालं. बाकी बहात्तर लाख वाचायचेसुद्धा नाहीत.

---

कॉलेजरोडची_ऋचा

नाही दादा, इथे घसरू नका. बदलत नाहीत, पण बेरजेत असतातच. डावीकडच्या सगळ्या अंकांची बेरीज एकदा करावीच लागते. तिला 'ब' म्हणू. जनकाच्या शेवटच्या आठ अंकांची बेरीज ० ते ७२ मधली काहीतरी. म्हणजे जनकाच्या एकूण अंकांची बेरीज 'ब' ते 'ब + ७२'. त्र्याहत्तर शक्यता. प्रत्येक वेळी तेवढी वजाबाकी करायची आणि उत्तराचे शेवटचे आठ अंक खरंच तेवढे भरतात का पाहायचं. हातचा लागत असेल तर 'ब' डावीकडून एक वजा करून काढायचा, पद्धत तीच.

सत्तर-ऐंशी वजाबाक्या. त्याही फक्त शेवटच्या आठ अंकांच्या.

---

लॅमरोडकर (सोमवार, दुपारी २:२०)

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा आला. बहात्तर लाख अंक आणि शेवटी त्र्याहत्तर वजाबाक्या!

---

निवृत्त_मास्तर

ऋचा, कान धरण्याजोगं काही नाही. फक्त त्र्याहत्तरही जास्त झाल्या. नऊची बाकी विसरलीस.

कुठल्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागून उरते. पाचवीतली गोष्ट. मग जनक अधिक तिच्या अंकांची बेरीज म्हणजे बाकीची दुप्पट. ७९१९ ची बाकी ८, तर जनकाची बाकी ४ च असली पाहिजे. सदतीसमधून नऊनऊच्या टप्प्याने चारच उरतात.

आता मोठ्या संख्येची बाकी. २ चे घात ९ ने भागले की बाक्या येतात २, ४, ८, ७, ५, १ आणि पुन्हा २. दर सहाला फेरा. २४०३६५८३ ला ६ ने भागून १ उरतो, म्हणून त्या घाताची बाकी २, त्यातून एक गेला, राहिला १. दुप्पट केल्यावर बाकी १ येईल असा अंक कोणता? ५. कारण १० ला ९ ने भागून १.

म्हणजे जनकाच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून ५ च उरायला हवेत. त्र्याहत्तर शक्यतांमधल्या आठ, फार तर नऊ टिकल्या. फळ्यावर करता येईल.

---

द्राक्षवाला

उपयोग काय ते अजून कळलं नाही, पण मीही सगळं वाचतोय. माझ्या मोबाइलच्या नंबरावर करून पाहिलं. बायको विचारते, कुणाला एवढे फोन लावताय.

---

पेठरोडची_पोर

मी ९७ करून पाहिला! बाकी ७, म्हणून जनकाची बाकी ८. बेरीज फार तर १८, म्हणजे ७९ च्या खाली जायचं नाही. उरले ८० आणि ८९. ८० + ८ = ८८, ८९ + १७ = १०६. दोन्ही नापास. ९७ मूळही आहे आणि देवळालीही. कॉमर्सवालीला जमलं, बघा.

---

हिशेबनीस

मी सगळ्या लहान मर्सेन मूळ संख्या घेऊन बसलो. ३, ७, ३१ स्वयंभू. मग मात्र प्रत्येकीची जनक सापडत गेली:
१२७ ची १२२
८१९१ ची ८१६८
१३१०७१ ची १३१०६०
५२४२८७ ची ५२४२६४
२१४७४८३६४७ ची २१४७४८३६०६

ही शेवटची २^३१ − १. मूळ असल्याचं ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. कोडवाल्याला ती तोंडपाठ असेल.

---

कोडवाला_इंदिरानगर

तोंडपाठ म्हणजे काय, पोटापाण्याचा प्रश्न आहे. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची कमाल मर्यादा तीच. तिच्यात एक मिळवला की बेरीज उलटी फिरून ऋण होते आणि रात्री दोनला फोन येतो.

---

शंकासुर

पुन्हा काडी. ऋचाच्या पद्धतीत संख्या मूळ आहे हे कुठे वापरलं? कुठेच नाही. स्वयंभू संख्या साधारण शंभरात दहाच्या जवळपास असतात. चाळीसेक मर्सेन मूळ संख्यांमध्ये चार-पाच स्वयंभू निघाल्या तर नवल कसलं? तक्त्यावर 'अद्भुत योगायोग' असं लिहू नका म्हणजे झालं.

---

कॉलेजरोडची_ऋचा

शंभर टक्के मान्य. मूळ असणं आणि स्वयंभू असणं यांचा एकमेकींशी संबंध नाही, दोन वेगळे दाखले आहेत. तक्त्यावर नेमकं असं लिहावं: २००६ पर्यंत सापडलेल्या मर्सेन मूळ संख्यांत स्वयंभू असलेली सर्वांत मोठी ही, असं त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं. विशेषण नको.

---

प्रेसवाला_काका

योगायोगाचंच म्हणता, तर २४०३६५८३ च्या अंकांची बेरीज करा. २+४+०+३+६+५+८+३ = ३१. मर्सेनही, मूळही, देवळालीही. आता बोला.

---

शंकासुर

काका, तुम्हाला साष्टांग. पण घातांक स्वतः देवळाली नाही, २४०३६५५४ + २९ = २४०३६५८३. तपासून आलोय.

---

गोदाकाठ

काडी टाकणाराच रात्री बसून वजाबाक्या करतोय.

---

लॅमरोडकर (मंगळवार, रात्री ११:१०)

आज घरी खरोखर करून पाहिलं. पुतण्याच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये. घात क्षणात निघाला, पण दशमानात छापायला सांगितलं तर म्हणे ४३०० अंकांच्या वर जाणार नाही. ती मर्यादा काढली. मग पंखा असा फिरायला लागला की मांजर उठून गेलं. जेवलो, बातम्या पाहिल्या, दुकानाचा हिशेब केला, तरी चालूच. इथे काही युक्ती आहे का?

---

कोडवाला_इंदिरानगर

संगणकाच्या पोटात संख्या बायनरीत असते, शंकासुरांनी सांगितली तशी नुसती एक-एक-एक. खरं काम आहे ते दशमानात आणण्याचं. मोठ्या संख्यांच्या गणितासाठीची जीएमपी लायब्ररी वापरा, काही सेकंदांत होईल. आणि बेरीज करण्याआधी संख्या बरोबर आली का ते बघा. एकूण अंक ७२३५७३३ आले पाहिजेत. लॉग टेबलात २ चा लॉग ०.३०१०३, त्याला घातांकाने गुणा, पुढची पूर्ण संख्या.

---

निवृत्त_मास्तर

आणि शेवटचे दोन अंक ०७ आले पाहिजेत. ४ पासून पुढे २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर वीस घातांनी फिरून येतात. २४०३६५८३ ला २० ने भागून ३ उरतात, म्हणून ०८, त्यातून १ गेला. मुलीला हे तोंडी करता आलं तर सर काही खोडायला लावणार नाहीत.

---

लॅमरोडकर (बुधवार, सकाळी ६:३०)

झालं! अंक बरोबर ७२३५७३३. सुरुवात २९९ ने, शेवट ०७ ने. बेरीज आली. मग वहीत पोरीने शेवटचे आठ अंक घेऊन एकेक उमेदवार तपासला. मी बाजूला बसून फक्त हातचे मोजत होतो. एकही टिकला नाही.

बेरजेचा आकडा इथे टाकत नाही. तिचं म्हणणं, आधी दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्र काढावा, मग जुळवू, नाहीतर सगळे आपलाच कॉपी करतील. नववीतली पोरगी बापाला शिकवते.

---

कॉलेजरोडची_ऋचा

बरोबर म्हणतेय ती. मी आज लॅबमध्ये काढते आणि तुम्हाला निरोपात पाठवते.

---

द्राक्षवाला

तक्ता कधी आहे? बघायला येतो. द्राक्षं आणतो, सीझन आहे.

---

कॉलेजरोडची_ऋचा (बुधवार, सायंकाळी ५:४५)

निरोप पाठवला.

---

लॅमरोडकर

जुळला!! शेवटच्या अंकापर्यंत. पोरगी घरभर नाचतेय.

आता तिचा पुढचा प्रश्न: ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली २^१३६२७९८४१ − १ देवळाली आहे का?

---

हिशेबनीस

४,१०,२४,३२० अंक. ४ मिलिमीटरने १६४ किलोमीटर. कसारा घाट उतरून मुंबईच आली की.

---

निवृत्त_मास्तर

घातांकाला ६ ने भागून ५ उरतात, म्हणून संख्येची बाकी ४ आणि जनकाची बाकी २. शेवटचे दोन अंक ५१ येतील. बेरीज फार तर ३६,९२,१८,८८०, म्हणजे आता शेवटचे नऊ अंक धरायचे. बाकी सगळं तसंच. चालू द्या.

---

लॅमरोडकर (बुधवार, रात्री १०:५५)

लॅपटॉप लावला आहे. मांजर आधीच दुसऱ्या खोलीत गेलं.